जुळाऱ्याची चिठ्ठी

बायको जाऊन आठ महिने झाले आणि तिचा आवाज ज्या डिस्कवर होता, तीही घरघरू लागली. छापखान्यातल्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. असली घरघर त्याने दवाखान्यात ऐकली होती.

नातीसाठी तिने अडुसष्ट गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. त्या दुसऱ्या कुठेही नव्हत्या.

परगावच्या लेकीने फोनवर उपाय सांगितला. तशीच दुसरी डिस्क आणायची आणि दोघींची 'रेड' नावाची जोडी लावायची. मग एकीवर जे, तेच दुसरीवर.

"एक गेली तरी दुसरी सगळं सांभाळते, बाबा."

"आमच्यात नाही जमलं बुवा तसं," जुळारी म्हणाला.

नवी डिस्क आली ती हुबेहूब जुनीसारखी. स्क्रीनवर तर दोघींचं नावही एकच. म्हणून लेकीने बजावलं होतं, जुनी कुठल्या खाचेत आहे ते लिहून ठेवा. त्याने नवी बसवली, चिठ्ठीवर दोघींचं चित्र काढलं आणि डब्याचे चारही स्क्रू पिळून टाकले.

"जुनी कुठे आहे?" लेकीने विचारलं.

"उजवीकडे," त्याने चिठ्ठी वाचली.

"उघडून बघा एकदा. उजवीकडचं सगळं डावीकडे उतरेल, सुरू झालं की मागे फिरता येणार नाही."

"चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. माझा काना-मात्रा कधी चुकला नाही."

तीन तासांनी हिरव्या अक्षरांत उमटलं: दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या, दोष नाही. त्याने गोष्टी उघडायला घेतल्या. दोन्ही डिस्क तंतोतंत रिकाम्या होत्या.

त्याने डबा उघडला. जुनी डावीकडे होती. चिठ्ठीत उजवीकडे. खिळे उलटे मांडावे तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. चाळीस वर्षांच्या सवयीच्या हाताने डब्याचं चित्रही छापायला तयार करून ठेवलं होतं.

त्याने फोन करून सांगितलं. लेकीने फोनमधले जुने निरोप चाळले. मग म्हणाली, तिच्या फोनमध्ये आईचा एक निरोप राहिलाय, कॉम्प्युटर घरी आणला त्या दिवशीचा. तिने तो लावला.

"तुझ्या बाबांना सांग गं, त्या डब्याला हात लावू नका म्हणावं. माझं ऐकत नाहीत. वाटोळं करून ठेवतील."

जुळाऱ्याने तो तीनदा लावायला सांगितला.

"पाठवू तुम्हाला?"

त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"नको," तो म्हणाला. "तुझ्याकडेच राहू दे. ती सांगतेय ना."