अर्नीच्या निरोपाला लॉइडची पाच मिनिटे

कुणीही हसले नाही. मिलवॉकीच्या त्या तळघरातल्या क्लबात भर दुपारी अर्नीच्या शोकसभेला ऐंशी माणसे बसली होती, त्यांतली निम्मी लोकांना हसवून पोट भरणारी. "अर्नी आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर स्टेजवरून उतरला," हे लॉइड केसलरचे पहिले वाक्य त्यांच्यावरून ओघळून गेले, आणि मागे बारमधल्या बर्फाच्या यंत्राची घरघर तेवढी उरली.

"मार्लीनला मी हसवतो, बाकीच्यांचं तुम्ही बघा," असे सकाळी त्यानेच छाती काढून सांगितले होते. मार्लीन ही अर्नी ग्रॅबोव्स्कीची विधवा. ती पुढच्या टेबलाशी, मांडीवर कोट घेऊन बसली होती.

अर्नी चाळीस वर्षे माइकसमोर उभा राहिला. मधूनमधून सिनेमात टॅक्सीवाला झाला, एका मालिकेत सात हिवाळे बर्फ उपसणारा शेजारी झाला. लॉइडला त्यानेच घडवले. एकोणीस वर्षे लॉइड प्रत्येक नवा विनोद आधी त्याला ऐकवत आला, आणि अर्नी एकदाही हसला नाही. "हं, चालेल," म्हणायचा आणि कॉफी मागवायचा. त्या 'चालेल'च्या थंडीत लॉइडने तारुण्य काढले होते.

शांतता वाढत चालली. अशा वेळी विनोदवीर जे करतो तेच लॉइडने केले. समोरचा एक माणूस हेरला.

"काका, तपकिरी स्वेटरवाले! चेहरा असा का? दातांचा दवाखाना वरच्या मजल्यावर आहे."

"मी अर्नीचा भाऊ," तो म्हणाला. "ग्रीन बेहून आलोय."

"मग इतके दिवस कुठे होतात?"

"आमचं बोलणं नव्हतं. बावीस वर्षं."

मागच्या भिंतीवर लाल दिवा लागला. क्लबची मालकीण बर्निस वेळ संपल्याची खूण देत होती. दिवा लागला की उतरायचे, हा नियम. पण शांततेत उतरायचे नाही, हा त्याहून जुना. लॉइडच्या हाताशी काहीच उरले नाही, तेव्हा त्याच्या तोंडून खरे बाहेर पडले.

"शेवटच्या दिवशी मी इस्पितळात गेलो होतो. म्हटलं, आज याला हसवल्याशिवाय हलायचं नाही. माझा सगळ्यात चांगला विनोद काढला. त्याची शेवटची ओळ मी खिडकीकडे तोंड करून म्हणतो, तशीच बसवलीय. म्हटली. वळलो. तर अर्नी गेलेला."

"म्हणजे," भावाने सावकाश विचारले, "तू मारलंस त्याला?"

"नाही हो! तसं नाही... डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं..."

"विनोद कोणता होता?" मागून म्हाताऱ्या रूबेनने विचारले.

"बदकाचा."

"मग मारलंसच."

तरीही कुणी हसले नाही. लाल दिवा आता उघडमीट करत होता, आणि प्रत्येक उघडझापीला मार्लीन अंधारातून वर येऊन पुन्हा बुडत होती. इस्पितळाच्या खोलीत तीच एकटी अर्नीच्या उशाशी होती. लॉइडची पाठ वळलेली असताना अर्नीचा चेहरा तिनेच पाहिला होता.

लॉइडने माइक खाली घेतला. आवाज लहान झाला.

"मार्लीन, तुम्ही समोर होतात. हसला का तो?"

तिने त्याच्याकडे पाहिले. ओठ किंचित विलग झाले. मग तिने कोटाची एक बाही चढवली, नीट केली, दुसरी चढवली, गळ्यापर्यंत एकेक बटण लावले, आणि जिना चढून निघून गेली.

वरचे दार बंद झाले, आणि ती खोली हसून हसून कोसळली. लॉइड तेवढा माइक धरून, अजूनही उत्तराची वाट पाहत जिन्याकडे बघत होता.