रशीदभाईंची गवाही

रशीदभाईंशी बोलायचं तर आधी त्यांच्या दारातल्या पत्र्याच्या पेटीवर बसावं लागतं, तोंड उजेडाकडे करून. मग ते पंखा बंद करतात, बाकीच्यांना बाहेर काढतात आणि म्हणतात, "हं, आता बोला. चेहरा दिसू द्या."

आमची आणि त्यांची भिंत एक. चाळीस वर्षं पेट्या ठोकून त्यांचे कान गेले. मुलीनं, शमीमनं, कानाचं मशीन आणलं. लोकांना वाटतं, मशीन लावलं की माणूस बरा झाला. तसं काही नसतं. "यात बशी आपटलेली पहिली ऐकू येते," रशीदभाई म्हणतात, "माणूस सगळ्यात शेवटी." दोघं एकदम बोलले, की ते मशीन काढून खिशात टाकतात. "बाजार भरला. चला, आपण घरी."

माझा आवाज मोठा, म्हणून माझ्याशी जमतं. बाकी माणूस लई हट्टी.

शमीमच्या मुलीचा, सनाचा निकाह होता. नवरदेवाकडचे कन्नड गावाहून आले होते. निकाहाआधी नवरीची कबुली घ्यायला वकील, म्हणजे तिच्या वतीनं बोलणारा घरचा माणूस, आणि दोन गवाह बायकांच्या खोलीत येतात. त्यातले एक गवाह रशीदभाई. खोलीत तीसेक बायका, दोन कूलर, आणि सनाच्या तोंडावर फुलांचा पडदा. वकिलांनी विचारलं, पोर काहीतरी बोलली, दुसऱ्या गवाहानं सही केली.

रशीदभाई म्हणाले, "मैंने नहीं सुना."

"नाना, हौ बोली ना वो," बायका ओरडल्या.

"तुमने सुना. गवाह मैं हूं."

"चाचा, काझीसाब रुके हैं," वकील म्हणाले. "दस्तखत करो."

"रुकने दो."

त्यांनी कूलर बंद करवले, बायकांना बाहेर घालवलं. माझे गुडघे धरलेले, मी उठले नाही. त्यांनी सनाला खिडकीकडे फिरवलं आणि पडदा वर केला. बाहेर कुणी म्हणालं, म्हातारा लग्न मोडतोय.

"बेटा, ना बोलना है तो ना बोल. मैं हूं."

सनानं त्यांच्याकडे बघून स्पष्ट सांगितलं, "कबूल है, नाना."

त्यांनी सही केली. वकील आणि दुसरे गवाह घाईनं गेले.

"एवढं ताणायचं कशाला, रशीदभाई?" मी विचारलं.

"शमीमच्या वेळी मशीन नव्हतं. सगळे म्हणाले, हो म्हणाली. मी दस्तखत केलं."

शमीम लग्नानंतर वर्षाच्या आत, सना पोटात असताना, माहेरी आली, ती आजवर इथंच.

"मग नंतर तिला विचारलं नाही, काय म्हणाली होतीस?"

"तेव्हा विचारून ऐकू आलं नसतं," ते म्हणाले. "आता येईल. म्हणून विचारत नाय."