श्रावणमामांचे पाहुणे

वानरांची टोळी बगीच्यात उतरली की सगळे दगड शोधतात. श्रावणमामा "बसा" म्हणतात.

मोहगावच्या वाटेवर त्यांचा संत्र्याचा बगीचा. मी पांढुर्ण्याचा व्यापारी. हमाली करत वर आलो, माल झाडावर असतानाच विकत घेतो, भावात कोणाला हार जात नाही. पण मामा भाव सोडून जनावरांचंच सांगत बसतात. "सायाळ लाजाळू बाई हाये, अंधारातच येते. नीलगाय, आपली रोही, म्हंजे साहेब मानूस, तुडवून जाते अन् मागं पाह्यत नाही. लाल तोंडाचं माकड चोर. काळ्या तोंडाचा वानर मात्र पाहुणा."

"पाहुणा माझा माल खाऊन राहिला, मामा!"

"मंग पाहुणा जेवल्याबिगर जाते का, बाप्पा?"

यंदा सौदा पक्का करून तोडणीची माणसं नेली, तर मधल्या ओळीत एक वानरीण. छातीशी पिल्लू. जवळ गेलो तर वास आला. पिल्लू मेलेलं होतं आणि ती त्याच्या अंगावरच्या माश्या वारत होती. टोळी तिच्यासाठी थांबलेली. माणसं झाडांना हात लावेनात. पिकलेलं फळ खाली गळत होतं, आणि ते फळ माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सुतळी बॉम्ब नेला. घाबरून पिल्लू टाकेल, टोळी निघून जाईल. मामांनी माझ्या हातातली काडी विझवली.

"सोडते ते. पन तिच्या मनानं सोडू द्या, सेठ."

"मेलंय ते! तिला काय समजतं?" मी ओरडलो.

मामा तिथंच मातीत बसले. "आमचं पयलं लेकरू गेलं, तवा घरचे असंच बोलले. मातीले उशीर होऊन राहिला म्हनून मीच तुमच्या मामीच्या हातातून ओढून घेतलं." ते वानरिणीकडं पाहत होते. "मंग लय वर्सं जगली ते. सैपाक केला, वावरात आली. पन माह्या हातात कधी काही देलं नाही. चहा बी जमिनीवर ठेवे."

तोडणी थांबली. नुकसान झालं ते झालंच, आणि त्याचा राग मला अजून आहे.

शेवटी एका संध्याकाळी वानरीण उतरली. पिल्लू पाल्यावर ठेवलं आणि टोळीमागं निघून गेली. मी माणसाला फावडं आणायला सांगितलं.

मामांनी हात आडवा केला. "राहू द्या जरासं, सेठ. एखाद्या टायमाले वापस येते."