विठूदादांची पोटरीपरीक्षा

पहिल्याच भेटीत विठूदादांनी माझे पाय धरले. मी रत्नागिरीच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि मांडवीला त्यांच्या शेजारी खोली घेतली होती. पन्नाशीचा, रेड्यासारख्या खांद्यांचा हा गृहस्थ आपल्यापुढे वाकलेला पाहून मला अगदी भरून आलं. विद्येचा काय हा मान! मी आशीर्वादाला हात उचलला, तेवढ्यात त्यांनी माझी उजवी पोटरी अशी काही दाबली की आशीर्वादाऐवजी तोंडातून ‘आई गं’ निघालं.

“लांब पेड, ढिला पीळ,” उठता उठता ते म्हणाले. “मास्तर, धावाल बरे, पन उचलाल कायच नाय. कळशी अर्धी अर्धी भरून आनत जा.”

विठूदादा बंदरावर गलबतांना काथ्याचे दोर विकत. देवानं माणूससुद्धा दोरासारखाच वळलाय, असा त्यांचा सिद्धान्त होता. मांसाचे पेड आखूड, तिरके आणि दाटीने बसलेले असले की ताकद. लांब आणि सरळ असले की वेग. आणि पीळ नको इतका करकचलेला असला, की अवचित ताण बसताच तुटणार. लोक ‘रामराम’ म्हणतात, दादा ‘पेड बगू’ म्हणत. कचेरीतल्या शिरस्तेदारापासून देवळातल्या गुरवापर्यंत एकही पोटरी सुटली नव्हती. कीर्तनाला आलेल्या बुवांना तर त्यांनी पूर्वरंगातच गाठलं. “बुवा, उड्या बेतानं मारा, पीळ लय घट्ट हाय!” बुवांनी उत्तररंग बसून केला.

एवढ्यावर भागलं असतं तर गाव हसून गप्प बसलं असतं. पण घरात लग्नाची मुलगी होती. गौरी एकुलती एक, आईवेगळी. वय वाढत चाललेलं, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला बापाच्या हाताखालून जावं लागे.

पहिला आला तो तालमीतला. पोह्यांची बशी त्याच्या हातात असतानाच दादांनी त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत सारलं. “ताकद भरपूर. पन पोरीला इंचू चावला, तर हा वैद्याकडं पोचनार कदी?” दुसरा काटकुळा. “हा पोचंल. पन आमचा वैद्य गुडघ्यानं अधू. त्याला पाठीवर घालून आननार कोन?”

तिसऱ्याच्या वडिलांना कुणकुण लागलेली होती. “आमच्या बाळूत दोन्ही आहे,” ते बसायच्या आधीच म्हणाले.

“हाय खरं,” दादा पोटरी चाचपत म्हणाले, “पन पीळ आवळलाय. धावून दाव. पयलं जरा अंग मोकळं कर हां!”

बाळूला तो अपमान वाटला. तो बसल्या जागेवरून उठला तो सुसाट निघाला, आणि कुंपणाच्या गडग्यापाशी पोटरी धरून खाली कोसळला. दादांनीच हळदीचा लेप लावला, मायेने पाय बांधला आणि त्याला बैलगाडीत आडवा करून घरी धाडला. त्यानंतर स्थळं यायची बंद झाली. मांडवीला मुलगी बघायला गेलेला मुलगा परत चालत येत नाही, अशी बोलवा झाली होती.

एक दिवस गौरी माझ्या ओट्यावर येऊन रडली. “मास्तर, बाबांना सांगा. मी जन्मभर हितंच ऱ्हाईन, पन पावन्यांचे पाय धरू नका म्हनावं.”

मी तावातावाने गेलो. “दादा, वैद्याचीच एवढी काळजी असेल तर मुलगी वैद्याच्याच घरात द्या! धावायलाच नको.”

मी टोमणा मारला होता. दादांनी तो डोळे मिटून ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच देवरूखची वाट धरली.

तिथल्या वैद्यांचा मुलगा, स्वतःही वैद्यकी करणारा, मुलगी बघायला आला. त्याची पोटरी म्हणजे उकडलेलं सुरण. दादांचं बोट आत रुतलं. “ना ताकद, ना वेग!” ते हर्षभरित होऊन ओरडले. “पन औषध घरात!” नवरामुलगा इतका खो खो हसला की दाराआडून गौरीही हसली, आणि लग्न ठरलं.

पाठवणीची गाडी वळणाआड गेली. मांडव रिकामा झाला. दादा ओट्यावर बसून होते. मी आपला थट्टेने म्हणालो, “आता कोणाच्या पोटऱ्या दाबणार?”

ते हसले नाहीत. “गौरी झाली तेवा तिच्या आयशीचं रगात थांबंना. सुईन म्हनाली, वैद्याला आना. सुंभाचं आख्खं वेटोळं एकटा उचलायचो मी. बंदरावर भीम म्हनायचे मला. धावलो, मास्तर. चढावर पोटरी फाटली, तरी धावलो. वैद्याला घेऊन आलो तेवा पोर रडत व्हती आनि ती गप पडली व्हती.” बोलता बोलता त्यांचा हात आपल्याच पोटरीवर गेला. “ताकद व्हती हो. वेग नव्हता.”

इतके दिवस मी या माणसाला हसत होतो. मी जाऊन त्यांच्याजवळ बसलो.

“मास्तर,” त्यांनी विचारलं, “गौरीच्या बाळंतपनाच्या येळेला जावई घरातच असंल ना?”

“असतील, दादा,” मी म्हणालो. “घरातच असतील.”