घरजावयाचं रानडुक्कर

सासऱ्यांना एकदा जिंकू द्यायचं, एवढंच तोशिफुमीने ठरवलं होतं. ठरवायला अर्धं मिनिटही लागलं नाही, निस्तरायला मात्र चार आठवडे लागले. त्या चार आठवड्यांत त्याला इतके धक्के बसले, की शेवटी शेवटी दारावरची घंटा वाजली तरी तो ताडकन उठायचा आणि कमरेत वाकून माफी मागायचा. (बाहेर पोस्टमन असायचा. तो बिचारा गोंधळून उलट वाकायचा.)

तोशिफुमी ओकुनो हा घरजावई. ओकुनोंच्या एकुलत्या एका मुलीशी, मिसुझुशी, अकरा वर्षांपूर्वी लग्न करताना त्याने बायकोचं आडनाव लावलं, सासऱ्यांच्या घरी राहायला आला आणि सासऱ्यांच्याच कंपनीत चिकटला. घरात तीन मापटी कोंडा असेल तरी घरजावई होऊ नये, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. तोशिफुमीच्या घरात कोंडासुद्धा नव्हता.

ओनो गावातली ही कंपनी तीन पिढ्या सोरोबान बनवायची. सोरोबान म्हणजे मणी सरकवून हिशेब करायची चौकट. पुढे घरोघरी कॅल्क्युलेटर आले आणि मणी कोणी विचारेना. तेव्हा सासरे, म्हणजे कंपनीचे अध्यक्ष गेंझाबुरो ओकुनो, यांनी छातीवर धोंडा ठेवून व्हिडिओ गेमच्या कॅसेटचा धंदा सुरू केला. दोन कॅसेट आपटल्या. आता तिसरी यायची होती आणि ती सबंध तोशिफुमीने रचलेली होती. ही चालली तर कंपनी चालणार, नाहीतर तेवीस माणसं घरी बसणार.

खेळ असा, की एक पोरगा गाव सोडून निघतो, लहानसहान लढाया करत तयार होतो आणि डोंगरातल्या खिंडीत त्याची वाट एक अवाढव्य रानडुक्कर अडवतं. लढाई आळीपाळीने. एक वार तुमचा, एक डुकराचा. प्रत्येक वाराला किती इजा झाली तो आकडा पडद्यावर येतो. डुकराचं आयुष्य १२०० इजांचं. ते खुरांनी जमीन उकरू लागलं की समजायचं, पुढच्या पाळीला धडक येणार. तेव्हा मारामारी सोडून ढाल धरायची. हे लक्षात आलं तर जगलात, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. तोशिफुमीला त्या डुकराचा पोटच्या पोरासारखा अभिमान होता.

त्या पोटच्या पोराने एका रविवारी दुपारी सासऱ्यांना सात वेळा आडवं केलं.

मांडीवरचं सोरोबान बाजूला ठेवून गेंझाबुरो उठले. (हिशेब असो नसो, सोरोबान त्यांच्या मांडीवर असायचंच. कोणाला जपमाळ लागते, त्यांना हे लागायचं.) पुढचे तीन दिवस घरात ते एक अक्षर बोलले नाहीत. मिसो सूपचा वाडगा परत सारला. बुधवारी त्यांनी आरिमाच्या गरम झऱ्यांवर जायचा बेत रद्द केला. सासूबाई, कियो, त्या बेताची दोन वर्षं वाट पाहत होत्या.

कियोबाईंनी जावयाला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या मुळा चिरत होत्या, जरा जास्तच जोरात.

"तोशिफुमीसान, गिऱ्हाइकांबरोबर गोल्फ खेळता तेव्हा काय करता?"

"हरतो, आई."

"मग तुमच्या डुकराला तेवढी रीतभात का नाही?"

"आई, त्याला काय कळतंय? ते यंत्रातलं आहे."

"यंत्रात घातलं कोणी?"

सासऱ्यांना जिंकू द्यायचं तोशिफुमीने ठरवलं ते याच अर्ध्या मिनिटात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर त्याने एक वेगळी कॅसेट भरली. हुबेहूब तशीच, फक्त डुकराचं आयुष्य ६०० चं. ओळखू यावी म्हणून लेबलाच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिला आणि ती घरी आणून ठेवली.

रविवारी डुक्कर मेलं. "मेलं! मेलं!" असं गेंझाबुरो इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या बाई विचारपूस करायला आल्या. त्याच संध्याकाळी आरिमाला फोन करून खोली ठरवली गेली. कियोबाईंनी जावयाला माशाचा मोठा तुकडा वाढला आणि तोशिफुमी समाधानाने झोपला. तेवढी एकच रात्र.

सोमवारी ऑफिसच्या बैठकीत अध्यक्षांनी हाताची घडी घातली आणि म्हणाले, "डुक्कर फारच सोपं आहे. दुप्पट करा."

तोशिफुमीच्या हातातला पेन खाली पडला.

"दु... दुप्पट?"

"मी मारलं, म्हणजे कोणीही मारेल. २४०० करा."

अध्यक्षांच्या शब्दावर बोलायची तिथे पद्धत नव्हती, त्यातून बोलणारा घरजावई. डुक्कर २४०० चं झालं. घरच्या कॅसेटमध्ये ते ६०० चंच राहिलं, कारण हरले तर पुन्हा सूप परत जाणार. पुढच्या रविवारी ते पुन्हा मेलं. सोमवारी हुकूम सुटला, "अजून सोपं आहे. ४८००." त्याच्या पुढच्या सोमवारी, "९६००!" तोशिफुमीला वाटलं, आपल्याला खुर्चीसकट कोणीतरी विहिरीत सोडतंय.

ऑफिसात खऱ्या डुकराशी लढून खेळ तपासायचं काम हिरागाकडे होतं. हिरागा चांगला थंड डोक्याचा माणूस. गुरुवारी तो टेबलावर कपाळ टेकून बसलेला दिसला.

"काय झालं?"

"दोन तास दहा मिनिटं," हिरागा टेबलाशीच बोलला. "दोन तास दहा मिनिटं लढलो. एकही चूक नाही केली. ढाल धरली, औषधं संपली, वार केले. शेवटी डुकराने नुसता धक्का दिला आणि मी मेलो."

"अवघड झालंय खरं."

"अवघड?" हिरागाने मान वर केली. त्याचे डोळे लाल होते. "अवघड ते पहिलं होतं! तेव्हा मेलो की मी म्हणायचो, अरे गाढवा, ढाल धरायची होतीस ना. आणि लगेच पुन्हा खेळायचो. आता मेलो की मला ज्याने हे रचलं त्याच्या घरी जावंसं वाटतं. ही लढाई नाही, तोशिफुमीसान, ही शिक्षा आहे. पोरं यंत्र फोडतील."

(ज्याने रचलं त्याच्या घरी जायचा रस्ता हिरागाला माहीत होता. तोशिफुमीने त्या संध्याकाळी दाराला आतून दुसरी कडी लावली.)

कॅसेट पुढच्या शुक्रवारी कारखान्यात जायची होती. एकदा गेली की परत येणं नाही. न सांगावं तर कंपनी बुडते, आणि सांगावं तर आपण घरातल्या कर्त्या माणसाला त्याच्याच दिवाणखान्यात तीन आठवडे फसवलं हे कबूल करावं लागतं. तरी तोशिफुमीने प्रयत्न केला. एकदा सकाळी सासऱ्यांसमोर बसून "बाबा, मला जरा..." इतकं म्हणाला, तर त्यांनी लोणच्याची बशी पुढे केली. एकदा ते अंघोळीच्या टाकीत बसलेले असताना तो दाराबाहेर उकिडवा बसला आणि सगळा धीर एकवटून म्हणाला, "बाबा!"

"काय?"

"पाणी... पुरेसं गरम आहे ना?"

शेवटी त्याने मिसुझुला सांगितलं. ती आधी हसली. मग आकडा ऐकला आणि तिचं हसू बंद झालं.

"नऊ हजार सहाशे? अरे, वेडा आहेस का तू? आईला सूप परत आलेलं चालेल, कंपनी परत येणार नाही. आज सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगते."

तो रविवार होता. दुपारी गेंझाबुरो टीव्हीसमोर बसले, मांडीवर सोरोबान. लाल ठिपक्याची कॅसेट बसवली. डुक्कर आलं, चार धडका मारल्या आणि नेहमीसारखं कोसळलं. पण या वेळी "मेलं!" म्हणून कोणी ओरडलं नाही. गेंझाबुरोंनी एक मणी टक्कन सरकवला आणि वळून पाहिलं.

"तोशिफुमी, हे डुक्कर ९६०० चं ना?"

"हो, बाबा."

"माझ्या वारांचे आकडे मांडले. ६१२ होतात. उरलेले ८९८८ कुठे गेले?"

तोशिफुमीने सोरोबानाकडे पाहिलं. म्हणजे ते सोरोबान जपमाळ नव्हतं! तो माणूस प्रत्येक वार मांडत होता! आपण ज्याच्या डोळ्यांत धूळ फेकली, त्याने पन्नास वर्षं बेरजा करण्यात घालवली आहेत, ही साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याचाच त्याला सगळ्यांत मोठा धक्का बसला.

"बहुतेक..." तो म्हणाला, "हृदयविकार..."

"डुकराला?"

"वय झालं होतं, बाबा."

मिसुझुने त्याला मागून ढोसलं. तोशिफुमी गुडघ्यांवर बसला, कपाळ चटईला टेकवलं आणि सगळं भडाभडा ओकला.

"पहिल्या रविवारी १२०० चं डुक्कर ६०८ ला मेलं," गेंझाबुरो म्हणाले. "मला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?" हे मिसुझुने विचारलं.

"बोललो असतो तर तुझ्या आईचं आरिमा बुडालं असतं. म्हणून म्हटलं, डुक्कर दुप्पट करायला सांगतो, म्हणजे हा घाबरून आपणहून येईल. आला नाही. चौपट केलं, तरी आला नाही. आठपट केलं! परवा अंघोळीच्या वेळी वाटलं, आता सांगतोय. तर हा मला पाण्याचं विचारतो! शुक्रवारी ते भूत खरंच कारखान्यात जाणार, म्हणून गेला आठवडाभर मला झोप नाही."

कियोबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. गेंझाबुरोंचा आवाज उतरला.

"सात वेळा हरलो त्याचं काही नाही रे. राग यायचाच, दोन दिवसांनी जातो. पण तू मला जिंकवलंस, ते लागलं. या घरात तुला मुलगा म्हणून घेतलाय, नोकर म्हणून नाही. नोकर मालकाला जिंकू देतात. मुलाने बापाला हरवायचं असतं."

अकरा वर्षांत ते त्याच्याशी असं कधी बोलले नव्हते. तोशिफुमीला वर बघवेना.

"आता खरं डुक्कर आण. १२०० वालं."

ते तोशिफुमीच्या बॅगेतच होतं. गेंझाबुरो बसले आणि हरले. पुन्हा हरले. तिसऱ्या खेपेला "हात मेल्या!" म्हणाले, पण ते डुकराला नव्हे, स्वतःच्या अंगठ्याला. पाचव्या खेपेला डुकराने जमीन उकरली तेव्हा ते एकदम पुढे सरकले. "थांब, थांब! मघाशीही हे असंच उकरत होतं." ढाल धरली. धडक आली आणि गेली, पोरगा जिवंत राहिला. मग आणखी चार वेळा हरले, पण आता दर वेळी आपण काय चुकलो ते मोठ्याने सांगत होते. नवव्या खेपेला डुक्कर कोसळलं. कोणी ओरडलं नाही. त्यांनी सोरोबान पाहिलं. १२०३.

"हे जाऊ दे कारखान्यात," चष्मा पुसत ते म्हणाले. "अवघड आहे, पण लबाड नाही."

कंपनी वाचली होती, डुक्कर वाचलं होतं आणि तोशिफुमीला चक्क बाप मिळाला होता. इथे तो गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण माणसाला सुखाच्या भरात बोलायची हौस येते.

"बाबा, तुम्ही माझे डोळे उघडलेत," तो म्हणाला. "आजपासून खोटेपणा बंद. डुकराचाही, आणि शोगीचाही!"

शोगी म्हणजे तिथलं बुद्धिबळ. जेवणं झाली की दर शनिवारी सासरा-जावई पट मांडून बसत.

कियोबाई चहा ओतता ओतता थांबल्या. मिसुझुने डोळे मिटून घेतले.

"शोगीचं काय?" गेंझाबुरोंनी विचारलं. या खेपेला धक्का बसलेला चेहरा त्यांचा होता. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"म्हणजे... अकरा वर्षं... मी जरा... सांभाळून..."

"पट आण."

पट आला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तोशिफुमी जीव तोडून खेळायला बसला. मुलाने बापाला हरवायचं असतं, हे वाक्य त्याच्या कानात घुमत होतं. त्याने बाह्या सरसावल्या, एकेका चालीला दहा-दहा मिनिटं घेतली, आणि बत्तिसाव्या चालीला त्याचा राजा कोपऱ्यात सापडला. दुसरा डाव अठ्ठावीस चालींत आटपला. तिसरा डाव मांडायची वेळच आली नाही, कारण गेंझाबुरोंनी सोंगट्या गोळा करता करता हात थांबवला.

"या डावांत आणि तू मुद्दाम हरलास त्या डावांत," त्यांनी अगदी मायेने विचारलं, "फरक कुठला, तेवढा दाखव बघू."

तोशिफुमी पटावर वाकला. त्याने बराच वेळ शोधला, पण त्यालाही तो सापडला नाही.