बाय डिफॉल्ट टॉवेल-टोपी

मेहुणीच्या लग्नात आपण होऊन काम मागू नये. पंगतीत बसावं, आग्रह झाला तर एक जिलेबी जास्त घ्यावी, फोटोत उभं राहावं. जावयाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नसते. (माझ्याकडून तर एवढीही नव्हती.)

पण सेनगावच्या सासुरवाडीत राधिकेच्या लग्नातल्या आहेराची चर्चा चालली होती आणि मी तोंड उघडलं. कुणाला पूर्ण पोशाख, कुणाला शर्टपीस, कुणाला नुसती टॉवेल-टोपी, यावर सासूबाई, मेहुणा शिवहार आणि माझी बायको दीपमाला यांचं एकमत होईना. आमच्याकडे लग्नातली भाजी खारट झाली तर लोक विसरतात. मानपानात चुकलं तर नातवंडांना सांगतात.

"मी प्रोग्रॅम करतो," मी म्हणालो.

"वहीत लिहिलं तर काय बिघडंल?" दीपमालानं विचारलं.

मी नुसता हसलो. मी हिंगोलीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. एक्सएमएल फाईली वाचायच्या आणि त्यातली माहिती जावा नावाच्या संगणकी भाषेतल्या ऑब्जेक्टमध्ये भरायची. बरीच वर्षं मी दुसरं काही केलेलं नसल्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न मला एक्सएमएलचाच वाटतो. कामाच्या खोलीची कळा विचारू नका. गेल्या धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी सफारीसाठी दिलेलं भारी कापड मी धूळ बसू नये म्हणून संगणकाच्या यूपीएसवर टाकलं आहे. सासूबाई एकदा येऊन ते बघून गेल्या. बोलल्या काही नाहीत.

तर एक्सएमएल म्हणजे फार अवघड काही नाही. प्रत्येक पाहुण्याचा एक डबा, डब्यात कप्पे: नाव, नातं आणि मान, म्हणजे आहेर कोणता. कोणता कप्पा भरलेला असलाच पाहिजे, हे ज्यात ठरवून ठेवतात त्याला स्कीमा म्हणतात. आलेली फाईल आधी स्कीमाशी ताडून बघायची. कप्पा रिकामा दिसला की प्रोग्रॅम ओरडतो आणि पुढं सरकत नाही. हे मी ऑफिसातल्या नव्या लोकांना नेहमी शिकवतो. आवाज चढवून शिकवतो.

शिवहारनं सासूबाईंना विचारत विचारत माहिती भरली आणि फाईल मला पाठवली. मी प्रोग्रॅम चालवला. तो ओरडला: मान रिकामा आहे. पुन्हा चालवला, तर आणखी ओरडला. तेवढ्यात जमीलभाईंचा फोन आला. सेनगावात त्यांचं कापडाचं दुकान. माझ्या लेबलांप्रमाणे आहेराचे गठ्ठे तेच बांधणार होते.

"हरिचंदभाई, लेबलं कधी भेजता? माणसं रिकामी बसून हैत."

"झालं का?" दीपमालाही आतून म्हणाली. "का वही आणू?"

ती वही मला झोंबली. मी तपासणीची ओळच बंद केली. ओळीच्या पुढं दोन तिरक्या रेघा मारल्या की झालं. प्रोग्रॅमनं मग हूं की चूं न करता सगळी फाईल गिळली. रिकाम्या कप्प्याची सोय मी आधीच करून ठेवली होती: मान ठाऊक नसेल तर टॉवेल-टोपी. (तेव्हा मला ही फार मोठी हुशारी वाटली होती. आता लिहितानासुद्धा कान गरम होतात.)

लग्नाचा दिवस उजाडला. सासुरवाडीची एक रीत आहे. नवरीचा मामा आहेरातला पोशाख अंगावर चढवतो आणि मगच तिला मांडवात आणतो. सासूबाईंचे थोरले भाऊ मुंजाजीमामा हळदीची काढणी टाकून कुरुंद्याहून आले होते. मी माईकवर त्यांचं नाव पुकारलं, गठ्ठा हातात दिला आणि वर "यंदाचा मानपान संपूर्ण संगणकीकृत आहे" असंही सांगितलं. टाळ्यांसाठी मी थोडा थांबलो. त्या काही पडल्या नाहीत.

मामा गठ्ठा घेऊन खोलीत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. अंगात तोच प्रवासात चुरगळलेला शर्ट, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी.

"मामा, पोशाख घाला ना," शिवहार म्हणाला.

"घातला. एवढाच व्हता."

आणि ते सरळ जाऊन आपल्या जीपमध्ये बसले.

मग मांडवभर गठ्ठे सुटायला लागले. थोरल्या काकांना टॉवेल-टोपी. आत्याला टॉवेल-टोपी. मामी टोपी हातात धरून शांतपणे विचारत होत्या, "ही पदराच्या वरून घालू का आतून?" दूरच्या माणसांचे गठ्ठे मात्र बिनचूक. टेंपोवाला आपला शर्टपीस चारचौघांना दाखवत हिंडत होता.

मी जमीलभाईंना गाठलं. "बाईमाणसाच्या नावावर टोपी बघून तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण कॉम्प्युटरनं लिहिलं है म्हटल्यावर कायतरी कारण असंल. आपण कोण बोलणार?"

तिकडे शिवहारनं सासूबाईंना धरलं होतं. "आई, मामाचा मान तू मला सांगितलाच न्हाई?"

"काहून सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "मामाचा मान का सांगावा लागतो? साऱ्या गावाला ठाऊक है. परक्या माणसाचं लिहून ठेवावं लागतं, ध्यानात राहत न्हाई म्हणून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जितकं माणूस जवळचं, तितका त्याचा कप्पा रिकामा. प्रोग्रॅम ओरडत होता तो नेमका घरच्या माणसांसाठी, आणि मी त्याचंच तोंड बांधलं होतं. आत राधिका मुंडावळ्या बांधून रडवेली बसलेली, बाहेर नवरदेवाकडची मंडळी घड्याळ बघून राहिलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जा," दीपमाला म्हणाली. "तुमीच जा."

मी जीपपाशी गेलो. "मामा, चूक माझी आहे."

"व्हय का?"

"तुमचा मान रिकामा आहे, असं मशीन सांगत होतं."

"मशीनला कळलं?"

"कळलं."

"आन् तुमाला?"

मी सासूबाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझी बहीण बना असं म्हणली? साऱ्या गावाला ठाऊक है म्हणली?"

"सगळ्यांसमोर म्हणाल्या."

मामांनी टॉवेलानं तोंड पुसलं. डोळेही पुसले असावेत. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "कोट बरा है तुमचा, जावईबापू."

कोट मी याच लग्नासाठी शिवला होता. मामांच्या पोटावर त्याची बटणं लागेनात, पण त्यांनी तसा हट्टही धरला नाही. राधिकेला घेऊन ते असे रुबाबात मांडवात आले, की सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. त्यांच्या मागं खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी घेऊन मी उभा. लग्नाच्या व्हिडिओत मी स्वच्छ दिसतो. हा कोण, असं कुणी विचारलं तर शिवहार सांगतो, "मांडववाला."

संध्याकाळी हिंगोलीला परतल्यावर मी माझा स्वतःचा गठ्ठा उघडला. टॉवेल-टोपी. दिवसभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"बघ," मी दीपमालाला म्हणालो, "आईंनी माझाही मान लिहिला नाही. जावयाचा मान का सांगावा लागतो? साऱ्या गावाला ठाऊक है."

दीपमाला साडीची घडी घालत होती. ती घालून झाल्यावर म्हणाली, "तुमचा लिहिलेला व्हता. यादी भरली तव्हा मी तिथंच बसून व्हते. आई म्हणली, जावईबापूला टॉवेल-टोपीच लिही. कापड दिलं तर मशीनला पांघरतेत."

मी कामाच्या खोलीत गेलो. त्या दोन तिरक्या रेघा पुसल्या आणि तपासणी पुन्हा चालवली. प्रोग्रॅम मामांच्या नावाला ओरडला, मामींच्या नावाला ओरडला, काकांच्या आणि आत्याच्याही. माझ्या नावाला त्यानं चूं केलं नाही. घरच्या सगळ्या माणसांत नियमाप्रमाणे बरोबर भरलेला मान एकट्या माझा होता.