फ्रिजमधला हात

साडूंनाही सिनेमाला न्यायचं, असं काकांनी जेवता जेवता ठरवलं आणि तिथेच ते फसले.

तसं कारणही होतं. बावीस वर्षांपूर्वी काकांनी एका स्वस्तातल्या भुताच्या सिनेमात "महत्त्वाचं काम" केलं होतं. तो सिनेमा तीन दिवसांत उतरला आणि कुणाच्याही लक्षात राहिला नाही (निर्मात्याच्यासुद्धा). काकूंनीही तो पाहिला नव्हता. असा सिनेमा निघालाच नाही, असं साडू चारचौघांत बिनदिक्कत सांगायचे. आता असले विसरलेले सिनेमे शोधणाऱ्या कॉलेजच्या पोरांना त्याची रिळं सापडली होती आणि खेळाला काका प्रमुख पाहुणे होते. काकांनी केस काळे केले. नवा कोट शिवला.

पडद्यावर स्वयंपाकघर आलं. फ्रिजचं दार उघडलं. आतून एक तुटका हात सरपटत बाहेर आला आणि त्याने दूधवाल्याचा गळा धरला. रक्ताची चिळकांडी थेट छतावर! पोरांनी शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला.

"अहो, तुम्ही कधी येणार?" काकूंनी विचारलं.

"आलो की."

"कुठे?"

"तो हात."

साडू पुढे वाकले. "आणि बाकीचे तुम्ही?"

"फ्रिजच्या मागे. भोक पाडलं होतं."

साडू इतके हसले, की त्यांची खुर्ची करकरली. काका नव्या कोटात आकसून बसले.

काकू मात्र ताठ झाल्या. "मी बघताक्षणी ओळखला, भावोजी. ओला टॉवेल पलंगावर टाकतो तो हाच."

खेळ संपल्यावर एक पोरगा माइकवर म्हणाला, "त्या हाताची ती थरथर! काय अभिनय!" (रक्त साखरेच्या पाकाचं होतं आणि मुंग्या कडकडून चावत होत्या. काकांनी नम्रपणे मान तुकवली.)

टाळ्यांचा पाऊस पडला. फोटोसाठी रांग लागली. रांगेत पहिले कोण, तर साडू! काकांनी केसांवरून कंगवा फिरवला आणि ते मनापासून हसले.

"काका, जरा खुर्चीमागे बसता का?" फोटोवाला म्हणाला. "चेहरा मध्ये येतोय. हातच हवाय."

तो फोटो आता साडूंच्या बैठकीत लावलाय. साडू अख्खे, आणि त्यांच्या खांद्यावर काकांचा नुसता हात, थेट सिनेमातल्यासारखा. आलेला प्रत्येक जण विचारतो, "अरे वा, तुम्ही सिनेमात होतात?"

साडू लाजून मान खाली घालतात.

काका समोरच बसलेले असतात. चहाचा कप ते मुद्दाम त्याच हातात, जरा उंच धरतात. अजून तरी कुणी ओळखलेला नाही.